फळा पुसतानाची चाल

अदिस अबाबाहून आलेल्या पत्राला खांबेटे सरांनी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. तिथल्या शाळेत त्यांच्याकडे गणित शिकलेल्या मुलुगेताने लिहिलं होतं, "सर, फळा पुसताना तुम्ही गुणगुणायचात ती चाल आमचा जॅझ बँड वाजवतो, एका तारेच्या मसिंकोवर आणि सॅक्सोफोनवर. पण फळा स्वच्छ झाला की तुम्ही थांबायचात. पुढची ओळ कळवाल?"

आज लेकीने मोबाइलवर त्याच बँडचा कार्यक्रम लावला. ओळ संपली, बाकीची वाद्यं थांबली, नुसता ढोल चालत राहिला. मग पुन्हा तीच ओळ. सर तीनदा खुर्चीतून उठले.

"बाबा, पुढचं विसरले की काय हे?"

"नाही गं. माझ्यासाठी जागा ठेवलीय."

"म्हणजे चाल तुमची?"

"हं. पुढची ओळही आहे, पण बरी नाही जमली."

"ते त्यांना ठरवू द्या की! इथेही पेपर तपासताय?"

सरांनी पाच स्वरांना पाच आकडे देऊन ओळ कागदावर मांडली, दोनदा खोडली, तिसऱ्यांदा तशीच पाकिटात घातली. टपालपेटीत टाकल्यावरही त्यांनी फटीत बोटं घालून पाहिली. पाकीट खाली पोचलं होतं.