अर्धा मिलिमीटर

"गोळी पुंगळीत पूर्ण बसतच नाहीये!" माझा नवरा यशवंत केलरमधून, म्हणजे तळघरातून, ओरडला. इथल्या शुट्झेनफेराइनमध्ये, म्हणजे जर्मन नेमबाजी क्लबात, जायचं आणि रायफलची काडतुसं घरीच भरायची, हा त्याचा चार वर्षांचा नाद. गेला महिनाभर तो नुसता पितळी पुंगळीत गोळी दाबून बसवायच्या प्रेसच्या मागे होता. प्रेसची डाय, म्हणजे साचा, बदलली, सगळं खोलून साफ केलं, पुंगळ्या नव्या आणल्या. तरी काडतुसं लांबच होत होती.

शेवटी लांबी मोजायला व्हर्नियर घेऊन मीच खाली गेले. प्रत्येक डब्यावर त्याने तारीख लिहिली होती. ऑगस्टची काडतुसं अचूक. नोव्हेंबरची किंचित लांब. फेब्रुवारीची चांगली अर्धा मिलिमीटर.

"उल्का, प्रेसमध्येच काहीतरी झिजलंय. नवीन घ्यावा लागणार."

"थांब जरा." दारू न भरलेली एक पुंगळी मी प्रेसमध्ये लावली, वर गोळी ठेवली आणि दांडा एका हाताने पार खालपर्यंत दाबला. काडतूस मोजलं. अचूक.

मी दुसरी तशीच पुंगळी लावली. "आता तू दाब."

त्याने सगळा जोर लावला. कपाळावर घाम आला. "बघ, इथेच अडतोय."

दांडा बोटभर वर राहिला होता.

"मग तुझ्या हाताने कसा गेला?" त्याने विचारलं.

मी व्हर्नियर पुसत राहिले. दिवाळीत चकल्यांचा सोऱ्या त्याच्याने फिरेना, तेव्हा "पीठ घट्ट मळलंयस" म्हणून तो माझ्यावर चिडला होता. पीठ नेहमीसारखंच होतं, तरी मी मुकाट्याने त्यात आणखी पाणी घातलं होतं.