जपून ठेवणे

झालं काय, सूनबाईला पहिल्यावहिल्या घराचा नकाशा पाच वाजता पाठवायचा होता आणि पावणेपाचलाच लॅपटॉप अडून बसला: जागा शिल्लक नाही. तिनं घाईघाईनं शोधलं, तर सगळी जागा एकाच फोल्डरनं गिळलेली. त्याचं नाव 'जपून ठेवणे'. आत एकच व्हिडिओ, सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी वेळा.

"बाबा, हे काय हो?"

"तूच म्हणालीस ना, मोलाच्या गोष्टीची कॉपी काढून ठेवावी," सासरे म्हणाले. "चौदा दिवस झाले, रोज देवाचं नाव घेऊन काढतोय. फोल्डरमधलं सगळं निवडायचं, कॉपी करायचं, तिथंच पेस्ट."

"अहो, रोज दुप्पट होतं ते."

"मग चांगलंच की."

तिनं व्हिडिओ उघडला. आठ सेकंदांचा. डोक्याला टॉवेल, हातात फोन, आणि सोफ्यावर उड्या मारत ती स्वतःच ओरडत होती, "बाबा, पास झाले! आर्किटेक्ट झाले मी!"

हसता हसता तिला उचकी लागली. एक ठेवून तिनं बाकी सगळे पुसले. पाचला एक मिनिट असताना नकाशा गेला.

"एकच ठेवलास?" सासऱ्यांचा चेहरा उतरला. "हरवला म्हणजे?"

सूनबाईनं एक कॉपी काढली. मग त्यांच्याकडे पाहिलं, दोन्ही निवडले आणि पुन्हा पेस्ट केलं.