आजीचा डावा हात

"छत्री सरळ धरा बाबा, पायांवर ऊन येतंय," रुईचिन म्हणाली, आणि तिच्या म्हाताऱ्या वडिलांनी काळी छत्री लगबगीने पुढे सरकवली. कबरीतून काढलेल्या हाडांना सूर्य दिसू द्यायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत. सम्राटाच्या कबरीवरच्या टेकडीभोवतीचं पुरातत्त्व खात्याचं खोदकाम पसरत पसरत गावच्या कबरींपर्यंत आलं होतं. आज फानांच्या दोन कबरी हलवायच्या होत्या, रुईचिनच्या आजीची आणि आजोबांची.

"मरून दोन हजार वर्षं झाली, तरी हा सम्राट शेजाऱ्यांना उठवायचं सोडत नाही," कुणीतरी टेकडीकडे बघत म्हणालं. डाळिंबाच्या बागेच्या कडेला जमलेला गाव हसला.

बाबांनी सुरुवातीलाच खड्ड्यात वाकून हाक मारली होती, "आई, ऊठ, घर बदलायचंय." आता रुईचिन खाली बसून एकेक हाड लाल कापडावर मांडत होती. हे काम घरच्या माणसाने करायचं असतं. इतरांच्या घरी त्यासाठी कुणी पुढे होत नाही. फानांच्या घरी मात्र या कामात मुरलेली लेक होती. टेकडीपाशी जी हाडं निघत, ती तिच्याच हाताखालून जात. सकाळीच तिने सगळ्या गावाला खोदकामाच्या दोरीच्या आत नेऊन सम्राटाच्या मजुरांना पुरलेला खड्डा दाखवला होता. कोण उपाशी होता, कुणाची पाठ ओझ्याने झिजली होती, सगळं सांगितलं होतं. सम्राटासोबत पुरलेले मातीचे सैनिक बघून बघून विटलेल्या त्या माणसांनी ते आ वासून ऐकलं होतं.

"आता आमच्या आईचं सांग की यांना," बाबा म्हणाले. त्यांची छाती सकाळपासून फुगलेली होती. "परक्या गड्यांचं एवढं सांगितलंस."

तिने नको म्हणायला हवं होतं. पण आपलं बोलणं लोक कान देऊन ऐकतात, हे तिलाही आवडायचं.

"हे गुडघे बघा. उकिडवं बसून कामं करण्यात जन्म गेला. दात मात्र शेवटपर्यंत पक्के."

"अगदी खरं," शेजारची मियाओ आजी म्हणाली. "अक्रोड दाताने फोडायची, आणि मलाच अर्धा द्यायची."

लोक पुन्हा हसले. रुईचिनला उत्साह चढला. तिने डाव्या हाताचं हाड उचललं.

"हा हात मोडून जुळलाय. कुणी धड बांधलासुद्धा नाही, वाकडाच जुळला."

"शिडीवरून पडली होती," बाबा घाईने म्हणाले. "डाळिंबं काढताना."

"पडून असा मोडत नाही, बाबा. पडताना माणूस तळहात टेकतो, मग मनगट जातं. हा मधोमध मोडलाय, करंगळीच्या बाजूला. समोरून मार आला की माणूस हात असा तोंडापुढे धरतो." तिने स्वतःचा हात वर करून दाखवला. सकाळी एका मजुराचं सांगताना दाखवला होता, तसाच. "आणि एकदाच नाही. या बरगड्या..."

ती थांबली. हात तसाच वर राहिला.

कुणालाच नवल वाटलं नव्हतं. सकाळी त्या अनोळखी मजुरासाठी चुकचुकलेली माणसं आता आपापल्या बुटांकडे बघत होती. एकदोघांची नजर पलीकडच्या कबरीकडे गेली आणि लगेच मागे फिरली. तिथे तिचे आजोबा होते, फान गुरुजी. नववर्षाला गावातल्या दारादारावर ज्यांच्या अक्षरातल्या शुभेच्छांच्या लाल पट्ट्या लागायच्या, ते. माणूस असावा तर फान गुरुजींसारखा, हे रुईचिन लहानपणापासून ऐकत आली होती.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जी बाई आयुष्यभर बाही मनगटापर्यंत ओढून वावरली, तिला आपण भर गावात उघडं पाडलं. तेही हौसेने.

"पोरी," मियाओ आजी हळूच म्हणाली, "आम्ही भिंतीपलीकडेच राहायचो. ऐकू यायचं सगळं. दुसऱ्या दिवशी ती शिडीचं सांगायची. आम्हीही शिडीचंच विचारायचो."

बाबांची मान खाली होती; छत्री मात्र त्यांनी हाडांवर धरून ठेवली होती. एक बरगडी पुरती जुळलेलीही नव्हती, हे रुईचिनला दिसत होतं. म्हणजे ती मोडल्यावर आजी फार जगली नव्हती. आणि आजी गेली तेव्हा बाबा लग्न झालेले, त्याच घरात राहणारे, चांगले धडधाकट होते. हे मात्र तिने सांगितलं नाही. बरगडी इतर बरगड्यांखाली ठेवली आणि कापड दुमडलं.

दुपारी ओढ्यापलीकडच्या नव्या जागी हाडांच्या दोन्ही पेट्या आल्या. डिंग गवंड्याने नवऱ्याबायकोसाठी विटांच्या दोन खोल्या शेजारी शेजारी बांधून ठेवल्या होत्या. मधल्या भिंतीत एका विटेची जागा मोकळी होती. दोघांना एकमेकांकडे जाता-येता यावं म्हणून ती तशीच सोडायची असते.

पेट्या उतरल्या. गवंडी वर छत घालायला निघाला, तेव्हा बाबा छत्री रुईचिनच्या हातात देऊन आजीच्या खोलीत उतरले. त्या भोकापाशी गुडघे टेकून बसले.

"एक वीट दे," ते म्हणाले. "आणि थोडा चुना."

"अहो काका, ती वाट आहे," डिंग म्हणाला. "ती बुजवली तर गुरुजी यायचे कसे तिच्याकडे?"

बाबांनी नुसता हात पुढे केला. डिंगने रुईचिनकडे पाहिलं. तिनेच वीट उचलून बाबांच्या हातात दिली.

त्यांनी ती बसवली, भोवती चुना भरला, आणि चुना आळेपर्यंत आजीच्या बाजूने दोन्ही तळहात विटेवर दाबून धरून बसून राहिले.