एकच गिऱ्हाईक

“बाबा, तुमचं पॅकेज मी काढून टाकणार आहे,” लेकीने फोनवर सांगूनच टाकलं.

“काढून दाखव,” बाबा म्हणाले. “एक जरी माणूस घेत असला तरी काढायचं नाही, हा तुमचाच नियम ना? माझं एक गिऱ्हाईक आहे.”

नियम होता खरा. तिच्या ऑफिसच्या भांडारातून लोकांचे कॉम्प्युटर हवे ते प्रोग्रॅम, म्हणजे पॅकेजेस, उतरवून घेत. कुणी घेतलं ते दिसत नसे, पण कधी घेतलं याची नोंद पॅकेज बनवणाऱ्याला दिसे. निरुपयोगी पॅकेजेस काढणं आणि प्रत्येक पॅकेज कसं वापरायचं ते सांगणारं माहितीपान अचूक ठेवणं हे तिचं काम. पानांच्या बाबतीत तिला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. सकाळी येऊन तिने कॉम्प्युटर चालू केला की तो आपोआप प्रत्येक पानावरची कृती पहिल्यापासून शेवटपर्यंत करून बघायचा. तोवर तिचा चहा व्हायचा.

काढण्याच्या बाबतीत मात्र बोंब होती. दोन वर्षांत एकही पॅकेज निघालं नव्हतं. प्रत्येकाला एखादं चिवट गिऱ्हाईक होतंच.

बाबांनी बनवलेलं पॅकेज पाकिटांवरचे पत्ते छापायचं. निवृत्त होऊन दुसऱ्या गावी एकटे राहणारे बाबा, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, तरी स्क्रीनला नाक लावून त्याची दुरुस्ती करत बसायचे. आणखी उशीर केलात तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“ऑपरेशन करून पट्टी बांधून बसलो आणि इकडे काही बिघडलं तर?” बाबा म्हणाले. “रोज सकाळी येतं बिचारं. उशीर झाला की माझा जीव टांगणीला लागतो. परवा बराच उशीर झाला.”

“पंक्चर झालं असेल त्याचंही, माझ्या स्कूटरसारखं,” ती चिडून म्हणाली.

“झालं असेल,” बाबा म्हणाले.

तिला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. गेल्या वर्षी ती स्कूटरवरून पडली, तेव्हा बाबांना काळजी नको म्हणून प्लास्टर निघेपर्यंत तिने त्यांना पत्ता लागू दिला नव्हता. आणि हे असे हट्टाला पेटलेले! तिनेही मग कंबर कसली. ते गिऱ्हाईक शोधायचं, हातापाया पडायचं, पण बाबांना मोकळं करायचं.

पानावर तिने ठळक सूचना लावली: हे पॅकेज वापरत असाल तर कळवा. कुणीही कळवलं नाही. शेवटी तिने नेटवर्कवाल्याच्या मागे भुणभुण लावली.

तो हसतच आला. “सापडलं तुझं गिऱ्हाईक. सगळ्याच पॅकेजेसचं ते एकच आहे.” आणि त्याने तिच्याच कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

तिने कपाळावर हात मारला. प्रत्येक पानावरची पहिली पायरी हीच तर होती: पॅकेज उतरवून घ्या. तिला हसू फुटलं, आणि मग बाबांचे डोळे आठवून रडूच आलं. तिने लगेच फोन लावला.

“बाबा, तुमचं गिऱ्हाईक म्हणजे मीच! सकाळी माझाच कॉम्प्युटर पान तपासताना ते उतरवून घेतो. माझ्यापायी डोळ्यांची वाट लावून घेतलीत. आज काढतेय मी ते. तुम्ही ऑपरेशनची तारीख घ्या.”



“ठाऊक आहे मला,” बाबा म्हणाले. “तू प्लास्टरमध्ये होतीस, तेव्हा ते यायचं बंद झालं होतं. तारीख घेतो मी. पण उद्यापासून तू ऑफिसात धड पोहोचलीस, हे मला कळायचं कसं?”