घरी कोण कोण असतं?

“सर, हिला घरचं तेवढं विचारू नका,” इंग्रजी शिकवणारी मनस्विनी मराठीत म्हणाली आणि समोर बसलेल्या इख्लासकडे बघून हसली. “हिची आई गेली. सकाळी सुदानहून मामाचा फोन आला ऑफिसात. पोरांचे मोबाईल परीक्षेसाठी जमा करून घेतलेत, म्हणून हिला अजून पत्ता नाही. मी सांगितलं नाही. परीक्षा होऊन जाऊ दे.”

बाहेरून आलेले परीक्षक त्रिविक्रम रेकॉर्डर सुरू करता करता थांबले. ते मूळचे पुण्याचे.

“अहो मॅडम, काय बोलताय तिच्यासमोर!”

“तिला काय कळतंय, सर! तुम्ही स्वल्प हसरा चेहरा ठेवा म्हणजे झालं.”

बंगळुरातल्या मराठी माणसाला ही एक मोठी सोय असते. शेजारीण समोर उभी असताना शेजारणीचीच उणीदुणी काढता येतात, दुकानदाराच्या तोंडावर तो लुबाडतोय असं म्हणता येतं. मनस्विनीच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ही सोय वापरली होती. मराठी म्हणजे तिला घरातली मागची खोली वाटायची; दार लोटून घेतलं की काहीही बोलावं.

कॉलेजात परदेशी मुलांना आधी वर्षभर इंग्रजी शिकवत आणि शेवटी ही तोंडी परीक्षा घेत. पास झालं तर नर्सिंगला प्रवेश, प्रवेश मिळाला तरच व्हिसा वाढणार. इख्लास दोनदा नापास झाली होती. लिहायला बरी, पण परीक्षक समोर बसला की तिची दातखीळ बसायची. व्हिसा महिनाअखेर संपत होता आणि परत जायचं तर तिकडे युद्ध. ही तिसरी संधी मनस्विनीने प्राचार्यांच्या मागे लागून, भांडून मिळवली होती.

“हिला फुकट पास करा म्हणत नाही मी,” ती म्हणाली. तिचा आवाज नकळत चढला. “रेकॉर्डिंग वर तपासायला जातं, मला माहीत आहे. फक्त सोपं विचारा. खाणं विचारा, हवापाणी विचारा. आज ही पडली तर संपलं हो सर. पाया पडते तुमच्या.”

त्रिविक्रमांनी मान हलवली आणि बटण दाबलं. बंगळुरातलं कुठलं खाणं आवडतं, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं.

त्यांनी तोच प्रश्न आणखी सोपा करून विचारला. इख्लास टेबलाकडे बघत राहिली. इडली म्हण, डोसा म्हण, काहीही म्हण, पण बोल गं, असं मनस्विनी मनातल्या मनात ओरडत होती. रेकॉर्डरवरचे आकडे पुढे पळत होते.

“अक्का,” इख्लास म्हणाली. “आई कधी गेली?”

मराठीत. अगदी स्वच्छ, जराशी जुनाट, जे. पी. नगरातल्या मालनबाई बोलतात तशी. मालनबाई म्हणजे मनस्विनीची आत्या. त्यांच्याकडे इख्लासला मनस्विनीनेच ठेवलं होतं. म्हातारीला सोबत, पोरीला घरचं जेवण. आत्याला इंग्रजीचा गंध नव्हता. मग वर्षभर या दोघी कुठल्या भाषेत बोलत असतील, हा प्रश्न इंग्रजीच्या या बाईंना कधी पडलाच नव्हता.

त्रिविक्रमांनी रेकॉर्डर बंद केला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मनस्विनीला झालं.

“पहाटे,” ती कशीबशी म्हणाली. “दवाखान्यात नेताना, वाटेतच. इख्लास, बाळ, मी तुला सांगणार होते...”

“परीक्षा पुढे ढकलू,” त्रिविक्रम म्हणाले. “मी लेटर देतो. अशा कंडिशनमध्ये कोण परीक्षा घेईल?”

“पुढची एकदम जूनमध्ये, सर. तोवर ही इथे नसेल.”

इख्लासने दोन्ही तळहात टेबलावर दाबून धरले. “सर, सुरू करा. घरचं विचारा. तेच मला येतं. रोज फोनवर आईला म्हणून दाखवत होते.”

“नको गं,” मनस्विनी म्हणाली.

“अक्का, दुसरं काही नाही येणार आज.”

त्रिविक्रमांनी मनस्विनीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. स्वतःची तिला शिसारी आली, पण पुन्हा नको म्हणायला तोंड उघडलं नाही.

त्यांनी आधीचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. तसं करणं नियमात बसत नव्हतं. मग बटण दाबून इंग्रजीत विचारलं, घरी कोण कोण असतं?

इख्लास इंग्रजीत बोलू लागली. घरी आई असते. आई सकाळी ज्वारीच्या पातळ भाकऱ्या करते. पहिली नेहमी बिघडते, ती आई स्वतः खाते. काम करताना गाणी म्हणते, सूर धड नसतो, म्हणून शेजारची मुलं हसतात, मग ती मुद्दाम आणखी मोठ्याने म्हणते. मी नर्स होणार हे तिने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय. जिच्या तोंडून दोन परीक्षांत चार वाक्यं निघाली नव्हती, ती एकदाही अडखळली नाही. मनस्विनीने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता, रेकॉर्डिंगमध्ये आवाज जाऊ नये म्हणून.

वेळ संपली. त्रिविक्रमांनी रेकॉर्डर थांबवला आणि चष्मा काढून ठेवला.

“पास,” ते म्हणाले.

“बंद झालं ना सर ते?” इख्लासने विचारलं.

“हो. बंद आहे.”

ती मनस्विनीकडे वळली.

“अक्का, आता रडू?”