चौदा खिशांचं जॅकेट

टिपेनेमामानं शिकारीसाठी नऊशे डॉलरचं जॅकेट आणलं आणि स्वतःचा जुना लोकरी शर्ट माझ्या अंगावर फेकला. "घाल हा आणि चल बरोबर. तुला काय, एरवी मेंढरंच हाकायचीत!"

माझं डोकंच फिरलं. "नऊशेत फ्रीजर भरून मटण आलं असतं, मामा."

"अगं, चौदा खिसे आहेत, आणि एकाही चेनचा आवाज होत नाही! आज हरीण नाही मारलं तर जॅकेट तुझं. पण रानात एक शब्द जरी बोललीस, तर चालत घरी जायचं."

गाडीतून रायफल नेताना तिचा बोल्ट काढून ठेवायचा असतो, त्याच्याशिवाय गोळी सुटत नाही. मामानं तो कालच काढून खिशात टाकला होता.

दोन तास चढून माथ्यावर आलो, तर वीस पावलांवर हे एवढाल्या शिंगांचं हरीण चरत उभं! मामा बोल्टसाठी खिसे चाचपायला लागला. एक चेन उघडली, दुसरी उघडली, सातवी उघडली. खरंच, जरासुद्धा आवाज नाही. हरणानं मानसुद्धा वर केली नाही. चौदावा खिसा उलटा करून मामा रडवेल्या तोंडानं माझ्याकडे बघत राहिला, आणि हरीण पोटभर चरून आरामात निघून गेलं.



जुन्या शर्टाला एकच खिसा आहे, आणि त्यातला बोल्ट रानात शिरतानाच माझ्या हाताला लागला होता. पण एक शब्दही बोलायचा नव्हता ना!