आजीला विचारा

टच्‌कन वाटाण्याची शेंग फुटली, आणि दुपारच्या चिडीचूप घरात तेवढाच काय तो आवाज झाला. कमलआजी दाणे ताटलीत टाकत होत्या. नात इरा शेजारीच बसली होती, पण दोघींत चकार शब्द नाही.

इराच्या शाळेत परिसर अभ्यास आणि इंग्रजी एकत्रच शिकवायचे. "घर में भी बच्ची के कान में सिर्फ इंग्लिश पड़नी चाहिए जी," मॅडमनी बजावलं होतं. त्याच आठवड्यात आजी नातीला आपल्या गावच्या लक्ष्मी ताल नावाच्या तलावातल्या कमळांची गोष्ट सांगत होत्या, तर सून मेघनाने त्यांना अर्ध्यावरच अडवलं.

"आई, तिच्याशी मराठी नको ना आता. गोंधळ होतो हो तिचा."

"बरं बाई," एवढंच म्हणून सासूबाई ज्या गप्प झाल्या, त्याला आता चार महिने होत आले.

आज नवा धडा आला, पाण्याचा. त्यात पहिलाच प्रश्न होता: आजीला विचारून लिहा, तिच्या लहानपणी गावातला तलाव कसा होता?

स्वयंपाकघरात मेघना हरखलीच. "जा गं, विचार आजीला. त्या मराठीत सांगतील, आपण इंग्रजीत लिहून काढू."

इरा पळत गेली, आणि कोरीच वही घेऊन परत आली.



"मम्मा, आजी नुसतं ओठांवर बोट ठेवते आणि किचनकडे दाखवते. तिला बोलायला तुझी परमिशन का लागते?"